लोन चार्ज : बारा-तेरा वर्षांपूर्वीच्या कॉन्ट्रॅक्टिंगच्या उत्पन्नावर आता करमागणी, पुढे काय करावे?

स्लाउकर

सप्रेम नमस्कार.

इंग्लंडमध्ये कॉन्ट्रॅक्टर म्हणून, म्हणजे नोकरीऐवजी कंत्राटी तत्त्वावर, काम केलेल्या मंडळींकडून, तसेच येथील करकायदा जाणणाऱ्यांकडून मार्गदर्शन हवे आहे. विषय लोन चार्जचा, म्हणजे पगाराऐवजी मिळालेल्या जुन्या कर्जांवर येथील सरकारने लावलेल्या कराचा, आहे. इंग्रजीत त्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे, परंतु त्यातील निम्मा मजकूर सल्ल्याची जाहिरात असतो आणि उरलेला संतापाने भरलेला असतो, त्यामुळे नेमके काय घ्यावे ते उमगत नाही. म्हणून आपल्या भाषेत सविस्तर विचारतो आहे.

पार्श्वभूमी थोडक्यात अशी. हायली स्किल्ड मायग्रंट प्रोग्रॅमच्या व्हिसावर मी २००७ मध्ये पुण्याहून येथे आलो. काही वर्षे नोकरी केल्यावर २०११ मध्ये कॉन्ट्रॅक्टिंगकडे वळलो. ज्या एजन्सीने काम मिळवून दिले, तिनेच स्वतःची लिमिटेड कंपनी काढण्याऐवजी एका अंब्रेला कंपनीत (कॉन्ट्रॅक्टरांना आपल्या पगारावर घेऊन त्यांच्या कामाचे बिल लावणारी कंपनी) नाव नोंदवावे असे सुचवले, कारण त्यामुळे आयआर३५ ची (स्वतःच्या कंपनीआडून प्रत्यक्षात नोकरीच करणाऱ्यांसाठीच्या करनियमांची) टांगती तलवार राहत नाही असे तिचे म्हणणे होते. कंपनीकडून दरमहा दोन रकमा येत. एक म्हणजे किमान वेतनाच्या आसपासचा पगार, जो पेस्लिपवर दिसे आणि ज्यावर कर व नॅशनल इन्शुरन्स (सामाजिक सुरक्षेची वर्गणी) रीतसर कापला जाई. दुसरी, बरीच मोठी रक्कम, स्वतःचा वेगळा कायदा असलेल्या आइल ऑफ मॅन बेटावरील एका ट्रस्टकडून ‘कर्ज’ म्हणून जमा होई. कंपनीची फी वजा जाता बिलाच्या ८३ टक्क्यांच्या आसपास रक्कम हाती पडे. एका ज्येष्ठ बॅरिस्टरचे अनुकूल मत घेतलेले आहे आणि योजना एचएमआरसीकडे, म्हणजे येथील करखात्याकडे, नोंदवून तिचा क्रमांकही मिळालेला आहे, असे कंपनीच्या माहितीपत्रकात छापलेले होते. २०११-१२ ते २०१४-१५ या चार करवर्षांत पगार वर्षाला सुमारे १०,००० पौंड आणि कर्ज सुमारे ३०,००० पौंड, असे एकूण १,२०,००० पौंडांचे कर्ज कागदोपत्री माझ्या नावावर आहे. २०१५ च्या वसंतात मी ती कंपनी सोडली आणि आता पुन्हा कायम नोकरीत आहे.

आता २०१८-१९ या वर्षासाठी लोन चार्जचा कर थकलेला असल्याचे पत्र आले आहे. माझे प्रश्न असे आहेत. कर्ज २०११ ते २०१५ मधले, कायदा २०१७ चा आणि आकारणी २०१८-१९ ची, हे कायद्यात बसते कसे? चारपैकी मधल्या दोन वर्षांच्या रिटर्नवर चौकशी सुरू केल्याची पत्रे मला त्या काळीच आली होती आणि नंतर त्यांत काहीच हालचाल झाली नाही, तर त्या पत्रांचा या मागणीशी संबंध काय? शिवाय अलीकडेच एका अनोळखी कंपनीने, ट्रस्टचे हक्क आम्ही विकत घेतले असून मूळ कर्ज परत करावे, असे कळवले आहे. म्हणजे ज्या रकमेवर उत्पन्न म्हणून कर भरायचा, तीच रक्कम कर्ज म्हणून परतही करायची काय?

हिशेबनीस

नमस्कार. मी लेस्टरमध्ये एका लेखापाल कार्यालयात बरीच वर्षे करविषयक काम करतो आणि अशी प्रकरणे हाताळलेली आहेत. आपली कागदपत्रे मी पाहिलेली नाहीत, तेव्हा हे सर्वसाधारण विवेचन समजावे.

आपल्या वर्णनात तीन निरनिराळी प्रकरणे एकमेकांत मिसळली आहेत आणि बहुतेकांचा गोंधळ येथूनच सुरू होतो. मूळ करवर्षांची चौकशी हे एक, लोन चार्ज हे दुसरे आणि ट्रस्टचे कर्ज हे तिसरे. यांपैकी एक मिटले म्हणून दुसरे आपोआप मिटत नाही.

मूळ वर्षांचे आधी पाहू. रिटर्न भरल्यापासून साधारण १२ महिन्यांच्या आत एचएमआरसीने चौकशी उघडली, तर ती बंद झाल्याची नोटीस मिळेपर्यंत ते वर्ष खुले राहते, मग मध्ये दहा वर्षे कोणी पत्र पाठवले नाही तरी हरकत नसते. या काळात व्याज मात्र चढत राहते. चौकशी उघडलीच नसेल, तर सामान्यतः ४ वर्षांच्या, निष्काळजीपणा असल्यास ६ वर्षांच्या आणि जाणूनबुजून दडवले असल्यास २० वर्षांच्या आत नवी आकारणी करता येते. म्हणजे आपली मधली दोन वर्षे, २०१२-१३ आणि २०१३-१४, आजही खुली असण्याची शक्यता आहे, आणि पहिले व शेवटचे वर्ष नेहमीच्या कायद्याने केव्हाच हातातून निसटलेले असावे.

अशीच निसटलेली वर्षे हाती यावीत म्हणून लोन चार्ज आणला गेला, असे माझे मत आहे. मार्च २०१६ च्या अर्थसंकल्पात तो जाहीर झाला आणि २०१७ च्या दुसऱ्या वित्त कायद्याने अमलात आला. त्याची रचना अशी की, ६ एप्रिल १९९९ नंतर घेतलेले जे कर्ज ५ एप्रिल २०१९ रोजी फेडावयाचे राहिलेले असेल, ते त्या दिवशी मिळालेले उत्पन्न मानले जाईल. जुन्या वर्षाला हात न लावता नव्या वर्षात नवे उत्पन्न कल्पिले गेले, म्हणून हा कर पूर्वलक्षी, म्हणजे मागील तारखेपासून लागू होणारा, नाही, असे सरकार आजवर म्हणत आले आहे. कायद्याच्या चौकटीत ते म्हणणे टिकते. ज्याला पत्र येते त्याच्या दृष्टीने मात्र वीस वर्षे मागे जाणारा हा कर पूर्वलक्षीच ठरतो, आणि त्याला तसे वाटणे अवाजवी म्हणता येणार नाही.

पुढे २०१९ मध्ये माजी महालेखापरीक्षक सर एमियस मोर्स यांच्याकडून या कराची स्वतंत्र समीक्षा करून घेण्यात आली. अशा कर्जांना लक्ष्य करणारी तरतूद ९ डिसेंबर २०१० रोजी जाहीर झाली होती आणि तेव्हापासून कायदा स्पष्ट होता, म्हणून त्याआधीच्या कर्जांना लोन चार्ज लावू नये, असे त्यांनी सुचवले. त्यानंतरच्या, पण ६ एप्रिल २०१६ पूर्वीच्या कर्जांबाबतही, ज्या वर्षाच्या रिटर्नमध्ये करदात्याने योजनेची वाजवी माहिती दिली होती आणि तरीही एचएमआरसीने काही पाऊल उचलले नाही, ते वर्ष वगळावे अशी शिफारस होती. सरकारने २० पैकी १९ शिफारशी स्वीकारल्या आणि २०२० च्या वित्त कायद्यात त्या उतरल्या. आपले २०१४-१५ चे रिटर्न म्हणूनच बारकाईने पाहायला हवे. त्यात योजनेचा नुसता क्रमांक भरलेला असेल तर तेवढ्याने भागेलच असे नाही. कर्ज किती, कोणाला दिले आणि व्यवस्था काय होती, हे वाचणाऱ्या अधिकाऱ्याला कळण्याजोगे लिहिलेले असावे लागते.

रकमेबद्दलही लिहितो, कारण लोकांना खरा धक्का तेथे बसतो. चारही वर्षांचे ३०,००० पौंड त्या त्या वर्षी पगारात धरले असते, तर १०,००० पौंड पगारासह उत्पन्न ४०,००० पौंड झाले असते. त्या चारही वर्षांत ४० टक्क्यांचा दर ४१,००० पौंडांच्या पुढेच सुरू होत असल्याने प्रत्येक वर्षी २० टक्के दराने ६,००० पौंड, म्हणजे एकूण २४,००० पौंड आयकर पडला असता. नॅशनल इन्शुरन्स येथे धरलेला नाही. आता समजा २०१८-१९ मध्ये आपला पगार ५०,००० पौंड होता. त्यावर १,२०,००० पौंड एकाच वर्षात चढवले की उत्पन्न १,७०,००० होते, करमुक्त मर्यादा पूर्णपणे जाते, वरचे २०,००० तर ४५ टक्क्यांच्या टप्प्यात जातात, आणि जादा कर ५३,७४० पौंड येतो. मोर्स यांच्या शिफारशीनुसार ही रक्कम तीन वर्षांत विभागण्याचा पर्याय २०२० मध्ये देण्यात आला होता, आणि तो निवडला असता तर पुढील दोन वर्षेही पगार ५०,००० च राहिला असे धरून आकडा ४८,००० पौंडांवर आला असता. करचुकवेगिरी रोखण्याच्या नावाखाली मूळ कराच्या दुप्पट आकारणी होते, ही बाब मला कधीच पटलेली नाही.

आपले पत्र कोणत्या स्वरूपाचे आहे, ते आजच पाहावे. ती औपचारिक आकारणी असेल, तर अपिलासाठी ३० दिवसांची मुदत असते. तडजोडीचे केवळ निमंत्रण असेल, तर इतकी घाई नाही. पत्र बाजूला ठेवून देणे हा मात्र दोन्ही परिस्थितींत सर्वांत महागडा मार्ग आहे.

तिरकस नाशिककर

माझे मत काहींना रुचणार नाही, तरी एका बाजूचीच कैफियत येथे राहू नये म्हणून लिहितो.

२०१० च्या सुमारास मलाही हीच योजना सुचवली गेली होती. प्रामाणिकपणे पगार घेणाऱ्या कॉन्ट्रॅक्टरच्या हाती सर्व कापून बिलाच्या साठ-पासष्ट टक्के येत असताना कोणी त्र्याऐंशी टक्के देऊ करतो, तेव्हा मधला फरक कोणाच्या खिशातून येतो, एवढा प्रश्न तरी पडायला हवा. परत करावे लागणार नाही अशी तोंडी खात्री देऊन दिलेले कर्ज हे कर्ज नसते, हे समजण्यासाठी करसल्लागार असावे लागत नाही. बँकांचे हिशेब सांभाळणाऱ्या संगणक प्रणाली लिहिणारी आपण मंडळी. स्वतःच्या पेस्लिपवरील गणित आपल्याला कळले नाही, हा बचाव मला दुबळा वाटतो. त्याच काळात माझ्या शेजारच्या टेबलावर बसून तेच काम करणारा कायम नोकरदार ४० टक्के दराने कर भरत होता, आणि लोन चार्जवाल्यांसाठी संसदेत खासदारांचा गट आहे, तसा त्याच्या बाजूने कोणी स्थापन केला नाही.

एचएमआरसी कोणत्याही करयोजनेला मान्यता देत नाही. नोंदणी क्रमांक मिळणे म्हणजे योजना संशयास्पद यादीत जाणे होय, आणि ही माहिती तेव्हाही उपलब्ध होती. वर्षांची बेरीज एकाच वर्षात करणे अन्यायाचे आहे, हे हिशेबनीस यांचे म्हणणे मला मान्य आहे. मूळ कर मात्र देणे लागत होता आणि लागतो.

जुना कॉन्ट्रॅक्टर

नाशिककरांचा मुद्दा मला समजतो. ते म्हणतात तो कर देय होता, हे सर्वोच्च न्यायालयानेही सांगितले आहे. पण त्याच निकालाचा दुसरा भाग कोणी वाचत नाही, म्हणून थोडा इतिहास.

हा निकाल ५ जुलै २०१७ चा, ग्लासगोच्या रेंजर्स फुटबॉल क्लबच्या प्रकरणातला. क्लबने खेळाडूंना आणि अधिकाऱ्यांना ट्रस्टमार्फत कर्जे दिली होती. कर्मचाऱ्याच्या कामाचा मोबदला दुसऱ्याकडे वळवला तरी तो मोबदलाच राहतो आणि ट्रस्टकडे पैसे गेले त्याच वेळी त्यावर कर लागू होतो, असे न्यायालयाने ठरवले. आता पाहा, कर त्याच वेळी लागू होत असेल, तर तो पगारातून कापून भरण्याची जबाबदारी नियोक्त्याची होती. म्हणजे आमची अंब्रेला कंपनी, किंवा ती परदेशात असेल तर आमचे काम प्रत्यक्ष वापरणारा येथील ग्राहक. मग वसुली कर्मचाऱ्याकडून का? कारण कंपन्या गुंडाळल्या गेल्या होत्या किंवा हाताबाहेर होत्या आणि माणसे मात्र त्याच पत्त्यावर राहत होती. ग्राहकाला या जबाबदारीतून मोकळे करण्याचा अधिकार कायद्याने आपल्याला दिला आहे, अशी भूमिका एचएमआरसीने घेतली आणि होई प्रकरणात २०२२ मध्ये अपील न्यायालयाने ती उचलून धरली. त्यामुळे ‘नियोक्त्याकडे जा’ हा युक्तिवाद आता कॉन्ट्रॅक्टरच्या फारसा उपयोगाचा उरलेला नाही. कायद्याने ते योग्य असेल. पण योजना आखणारे, त्यावर फी घेणारे आणि तिची शिफारस करून दलाली मिळवणारे या साखळीतून सुटले आणि शेवटच्या माणसाकडे बिल आले, हे नाशिककरांनीही लक्षात घ्यावे. अशा योजना विकणाऱ्या प्रवर्तकांनी विक्री थांबवण्याची नोटीस धुडकावणे हा फौजदारी गुन्हा ठरायला २०२४ साल उजाडावे लागले.

शब्दशः पूर्वलक्षी कायदा पाहायचा असेल, तर लोन चार्जच्याही मागे जावे लागते. आइल ऑफ मॅनशी असलेल्या दुहेरी करआकारणी कराराच्या आधारे चालणारी एक योजना कॉन्ट्रॅक्टरांमध्ये लोकप्रिय होती. मार्च २००८ च्या अर्थसंकल्पात ती बंद करण्यात आली, आणि २००८ च्या वित्त कायद्याच्या ५८ व्या कलमाने, कायदा पहिल्यापासून असाच होता, असे घोषित केले. ही पहिल्यापासूनची गणना १९८७ पर्यंत मागे जात होती. मानवी हक्कांच्या आधारे दिलेले आव्हान उच्च न्यायालयात आणि २०११ मध्ये अपील न्यायालयातही फेटाळले गेले. त्यानंतर २०१४ मध्ये, वाद निकाली निघण्याआधीच ९० दिवसांत पैसे भरा, असे सांगणाऱ्या नोटिसा आल्या आणि त्यांच्याविरुद्ध न्यायाधिकरणात अपील करण्याची सोयच ठेवली नव्हती. लोन चार्ज आला तो या परंपरेत. लॉर्ड्स सभागृहाच्या अर्थविषयक समितीने डिसेंबर २०१८ मध्ये तो इतक्या जुन्या वर्षांपर्यंत मागे जातो यावर स्पष्ट टीका केली होती, तरीही तो ठरल्या दिवशी लागू झाला.

आपल्याकडील वाचकांना व्होडाफोनचे करवादाचे प्रकरण आठवत असेल. मुंबई उच्च न्यायालयात २०१० मध्ये कंपनी हरली, सर्वोच्च न्यायालयात जानेवारी २०१२ मध्ये जिंकली, आणि लगेच त्याच वर्षीच्या वित्त कायद्याने १९६२ पासून लागू होणारी दुरुस्ती करून तो विजय पुसला गेला. शेवटी २०२१ मध्ये संसदेनेच ती तरतूद मागे घेतली आणि वसूल केलेले पैसे, व्याज न देता का होईना, परत करण्याचे ठरले. बहुराष्ट्रीय कंपनीला आंतरराष्ट्रीय लवादापर्यंत जाता आले. स्लाउमधल्या कॉन्ट्रॅक्टरला तो रस्ता नाही.

एक गोष्ट हळूच, पण स्पष्ट लिहितो. लोन चार्जला सामोरे जाणाऱ्यांपैकी दहा जणांच्या आत्महत्यांची नोंद खुद्द एचएमआरसीने मान्य केलेली आहे. स्लाउकर, आपण व्यवस्थित प्रश्न विचारता आहात, यावरून आपली तशी मनःस्थिती नसावी. तरी हा धागा वाचणाऱ्या दुसऱ्या कोणाला रात्री झोप लागत नसेल, तर समॅरिटन्स या मानसिक आधार देणाऱ्या संस्थेचा ११६ १२३ हा क्रमांक येथे दिवसरात्र मोफत चालू असतो. घरच्यांपासून ही पत्रे लपवून ठेवू नयेत.

मेधा, लेस्टर

कर्ज परत मागणाऱ्या पत्राबद्दल अजून कोणी लिहिले नाही, म्हणून लिहिते. माझ्या यजमानांनाही असेच पत्र आले होते आणि आम्ही वकिलामार्फत ते हाताळले.

लोन चार्ज भरला किंवा एचएमआरसीशी तडजोड केली, तरी ट्रस्टशी झालेला कर्जाचा करार त्यामुळे रद्द होत नाही. करकायद्याच्या नजरेत ती रक्कम उत्पन्न आहे आणि करारनाम्याच्या नजरेत कर्ज. या विसंगतीचा फायदा घेत काही कंपन्यांनी जुनी कर्जे नाममात्र दराने विकत घेऊन वसुलीची पत्रे पाठवण्यास सुरुवात केली. अशा पत्रास उत्तर देताना ‘मी इतके कर्ज घेतले होते’ असे स्वतःच्या सहीने कधीही लिहून देऊ नये, कारण इंग्लंडच्या मुदतीच्या कायद्यात लेखी कबुलीमुळे संपत आलेली मुदत पुन्हा पहिल्यापासून मोजली जाऊ शकते. साध्या करारासाठी मुदत ६ वर्षांची आहे, पण मागताक्षणी परतफेड करण्याच्या कर्जात ती केव्हापासून मोजायची हे वेगळे ठरते, आणि पुष्कळ करारांना आइल ऑफ मॅनचा कायदा लागू असल्याचे कलम असते. म्हणून मूळ करार, हक्क हस्तांतरित झाल्याचा पुरावा आणि विश्वस्तांचा ठराव वकिलाने मागवावा. आमच्या बाबतीत ही मागणी केल्यानंतर समोरून उत्तर आलेले नाही. भीतीपोटी आता कर्ज फेडले, तरी ५ एप्रिल २०१९ ही तारीख उलटून गेलेली असल्यामुळे लोन चार्ज त्याने टळत नाही.

लोन चार्जमधून सोडवतो असे सांगणाऱ्या नव्या योजनांचे फोनही येतील. ते लगेच बंद करावेत.

हायली स्किल्ड व्हिसावरील मंडळींच्या मनात आणखी एक भीती असते. उत्पन्नाचे आकडे गृहखात्याला एक आणि करखात्याला दुसरे दिल्याच्या संशयावरून अनेक भारतीयांचे कायम निवासाचे अर्ज ३२२(५) या नियमाखाली नाकारले गेले, आणि बालाजीगारी प्रकरणात एप्रिल २०१९ मध्ये अपील न्यायालयाने, अप्रामाणिकपणाचा ठपका ठेवण्यापूर्वी अर्जदाराला उत्तर देण्याची संधी दिली पाहिजे, असे सांगितले. तो विषय वेगळा होता. लोन चार्जची मागणी येणे म्हणजे अप्रामाणिकपणा सिद्ध होणे नव्हे. ज्यांचे नागरिकत्व अद्याप व्हायचे आहे, त्यांनी मात्र अर्जात ही मागणी आणि तिची सद्यःस्थिती कशी नमूद करावी, ते इमिग्रेशन वकिलाला आधी विचारून घ्यावे.

स्लाउकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. नाशिककरांच्या प्रतिसादाचेही, कारण घरीही तोच प्रश्न विचारला गेला आहे.

पत्र पुन्हा वाचले. ती आकारणी नसून थकबाकीची आठवण आणि तडजोडीचे निमंत्रण आहे. २०१४-१५ चे रिटर्न शोधले, तेव्हा असे दिसले की त्या वर्षी मी लेखापाल बदलला होता आणि नव्या लेखापालाने अतिरिक्त माहितीच्या चौकटीत एक परिच्छेद लिहिला आहे. त्यात ट्रस्टचे नाव, वर्षभरातील कर्जाची रक्कम आणि ती उत्पन्नात का धरलेली नाही, हे दिलेले आहे. त्या वर्षाबाबत चौकशीचे पत्र आलेले मला आठवत नाही. २०१२-१३ आणि २०१३-१४ च्या रिटर्नमध्ये असे काहीही लिहिलेले नाही, आणि २०११-१२ च्या रिटर्नची तर प्रतच सापडत नाही.

दोन शंका उरल्या आहेत. नोव्हेंबर २०२५ च्या अर्थसंकल्पाच्या वेळी नवी तडजोड जाहीर झाली असे ऐकतो, ती मला लागू होते काय? आणि पुढे निवृत्तीनंतर पुण्यास परतलो, तर या मागणीचे काय होते?

हिशेबनीस

हा परिच्छेद फार मोलाचा आहे. रिटर्नची ती प्रत आणि जमा केल्याची पोच जपून ठेवावी. चौकशी उघडली नव्हती हे नुसत्या आठवणीवर सोडू नये. माहिती संरक्षण कायद्याखाली एचएमआरसीकडे स्वतःच्या नोंदींची मागणी करावी, तिला साधारणपणे एक महिन्यात उत्तर द्यावे लागते. त्यातच २०११-१२ चे रिटर्न, चारही वर्षांच्या चौकशीच्या नोंदी आणि पाठवलेल्या पत्रांच्या प्रती मागाव्यात. २०१४-१५ या वर्षाबाबत खरोखरच काही कारवाई झालेली नसेल, तर मोर्स यांच्या शिफारशीवर आधारित तरतुदीखाली ते वर्ष वगळण्याचा दावा करता येईल आणि लोन चार्ज लागणारी कर्जाची रक्कम ९०,००० पौंडांवर येईल. तो दावा तडजोडीच्या कोणत्याही कागदावर सही करण्यापूर्वी मांडावा, कारण सहीनंतर मागे फिरता येत नाही.

नव्या तडजोडीविषयी. सरकारने जानेवारी २०२५ मध्ये रे मॅकॅन यांच्याकडे दुसरी समीक्षा सोपवली आणि तिचा अहवाल २६ नोव्हेंबर २०२५ रोजी अर्थसंकल्पासोबत प्रसिद्ध झाला. लोन चार्ज असावा की नसावा, हा प्रश्न समीक्षेच्या कक्षेबाहेरच ठेवलेला होता, यावर पीडितांच्या संघटनांनी टीका केली आणि ती मला रास्त वाटते. मात्र ज्यांचे प्रकरण अजून मिटलेले नाही, त्यांच्यासाठी अहवालात उपयोगाच्या गोष्टी आहेत. सर्व कर्ज एका वर्षात न चढवता ज्या त्या वर्षाच्या दराने हिशेब व्हावा, प्रवर्तकाने घेतलेल्या फीपोटी काही वजावट मिळावी, अशी त्याची दिशा आहे. सरकारने एक वगळता सर्व शिफारशी स्वीकारल्या आणि स्वतःहून प्रत्येकाच्या देण्यातील पहिले ५,००० पौंड सोडण्याचे जाहीर केले. वर मी दाखवलेल्या ५३,७४० आणि २४,००० या आकड्यांतील अंतर पाहिले, तर आपल्यासारख्याला यातून किती फरक पडू शकतो ते कळेल. ज्यांनी घाबरून पूर्वीच पैसे भरून प्रकरण मिटवले, त्यांना यातले काहीच मिळत नाही. माझ्या काही अशिलांना हे समजावून सांगणे फार जड गेले.

तडजोडीचा मसुदा आला की २०१२-१३ आणि २०१३-१४ च्या खुल्या चौकशा तिच्यात नावानिशी बंद होत आहेत का, हे तपासावे. तसे लिहिलेले नसेल तर लिहून घ्यावे, नाहीतर लोन चार्ज मिटूनही त्या दोन वर्षांचे व्याज वेगळे मागितले जाऊ शकते.

पुण्यास परतल्याने मागणी संपत नाही. भारत आणि ब्रिटन यांच्यातील दुहेरी करआकारणी कराराला २०१२ मध्ये झालेल्या पुरवणी करारात एकमेकांच्या करवसुलीस साहाय्य करण्याची तरतूद आहे. शिवाय आपले येथील पेन्शन आणि घर येथेच राहणार. हप्त्यांची मागणी करायची असेल, तर आपण येथे पगारावर असतानाच ती करणे सोपे जाते. नोंदींचे उत्तर आले की वर्षनिहाय तक्ता करावा, एका स्तंभात कर्ज, दुसऱ्यात चौकशीची तारीख, तिसऱ्यात रिटर्नमधील मजकूर. नावे आणि क्रमांक काढून तो येथे टाकलात तर पाहून सांगेन. एचएमआरसीला मात्र तोपर्यंत दोन ओळींचे उत्तर पाठवून ठेवावे की पत्र मिळाले आहे, नोंदी मागवल्या आहेत आणि २०१४-१५ बद्दल हरकत राखून ठेवली आहे.